जिवाणी

३ मार्च

आज जळगावला आलो. सामानाचा टेम्पो आमच्या आधी पोहोचला होता आणि टेम्पोवाला फाटकाशी बसून केळी खात होता. त्याने आम्हालाही दोन दिली. कुंदन म्हणाला, घे, गावाने स्वागत केलं. पुष्कळ दिवसांनी तो हसला.

मस्कतमध्ये अकरा वर्षं काढल्यावर इथलं सगळं नवीनच आहे. माझं माहेर चिपळूणचं. कुंदनचं मूळ गाव धुळ्याजवळ, पण चौथीपासून तो ठाण्यात वाढला, त्यामुळे खानदेश त्यालाही माझ्याइतकाच परका. इथल्या एका डाळ मिलमध्ये त्याला माल तपासायचं काम मिळालं आहे.

घर पिंप्राळ्याच्या रस्त्याला आहे. दुमजली बंगला, नुकताच पिवळा रंग दिलेला. खाली घरमालकीण तारादेवी एकट्या राहतात, वर आम्ही. तीन खोल्या आणि मोठी गच्ची. मागे कडुनिंब आणि विहीर. तारादेवींना सगळी गल्ली मांजी म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. घराणं राजस्थानातलं, त्यांचे पती नेमीचंदजी कापडाचे व्यापारी होते. जैन घर, तेव्हा कांदा-लसूणसुद्धा नाही, हे आम्ही आधीच कबूल केलं होतं. तरी त्यांनी कुंदनला विचारलंच, कोकणातली बायको केलीस, तिचे मासे सुटतील का? तो म्हणाला, बाहेर खाऊ. त्या म्हणाल्या, बाहेर खा बेटा, पण जिना चढायच्या आधी माझ्यासमोर उभं राहून श्वास सोडायचा. मग स्वतःच इतक्या हसल्या की ठसका लागला.

ही वही आमच्या लेकीच्या, प्रियलच्या आजारपणातली आहे. पहिल्या पानांवर तिचा ताप, औषधं, दिवसभरात किती घोट पाणी गेलं, ते लिहिलेलं आहे. मागची पानं कोरी होती. टाकून देववली नाही. रोज नोंद करायची सवय झाली आहे, तेव्हा यातच लिहीन.

९ मार्च

आठवड्यात घर लागलं. कुंदन सकाळी आठला जातो, सहाला येतो. कपड्यांना तुरीच्या भुशाचा वास असतो, तो मला आवडतो. काल बाजारात गेलो होतो. भाजीवाल्या आपसात अहिराणी बोलतात, मला निम्मं कळतं. ‘बठ्ठा’ म्हणजे सगळं, ‘शे’ म्हणजे आहे, एवढं शिकले. रात्रीचं जेवण बाहेर केलं, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. कुंदनच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटामुळे. परत आल्यावर मांजींनी खरंच श्वास सोडायला लावला. कुंदनने सोडला. त्या म्हणाल्या, मासा नाही, पण लसणाचं शेतच खाऊन आलास.

ऊन आताच कडक आहे. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. धुण्याभांड्याला ते पुरतं. प्यायला विहिरीचं.

१२ मार्च

आज मांजींनी पाणी गाळायची रीत दाखवली. मला जरा किळस आली, पण तसं दाखवलं नाही.

त्या विहिरीचं पाणी मोटारीने काढत नाहीत. दोराने बादली काढतात आणि जाड कापड दुहेरी करून कळशीत गाळतात. खालून रोज एक कळशी आम्हाला मिळते. गाळून झालं की कापडावर जे उरतं ते झटकायचं नाही, पिळायचं नाही, उन्हात वाळू द्यायचं नाही. कापड उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि ते एका लहान पितळी डब्यात घ्यायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. त्यात पाण्यातले जीव असतात. डब्याला तळाशीही एक कडी आहे. दोन दोर लावून डबा सरळ खाली सोडायचा, पाण्याला टेकला की तळाचा दोर ओढून अलगद उपडा करायचा. वरून ओतलं तर जिवांना मार लागतो. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत.

मी कापडाकडे पाहिलं. लाल दोऱ्यासारखे तीन किडे वळवळत होते, आणि बारीक पांढरं काहीतरी, जे हलत होतं की नाही ते कळत नव्हतं. मांजी त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, चला, घरी चला. लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं त्या रोज हे करतात. या विहिरीत आजपर्यंत मुद्दाम काही मारलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. अभिमानाने नाही, साधं, दूध उतू गेलेलं नाही असं म्हणावं तसं.

२० मार्च

मांजींना परवा इंदूरला जायचं आहे, लेकीकडे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे आहेत, दोन-अडीच महिने लागतील. मला विचारलं, जिवाणी करशील का? किळस येत असेल तर स्पष्ट सांग, मी गल्लीतल्या कुणाला सांगते. म्हणजे त्यांनी तेव्हा माझं तोंड पाहिलं होतं.

मी हो म्हटलं. मला किळस येते हे खरं, पण आली तरी काम अडत नाही. प्रियलचे शेवटचे चार महिने सगळं मीच काढलं. उलट्या, पू, पाठीच्या जखमा. तेव्हा एकदाही किळस आली नाही. कुंदनला वास सहन होत नसे. तो दाराशी उभा राहायचा, रुमाल नाकाला लावून, आणि रडायचा. मी त्याला कधी काही बोलले नाही.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही, वर्ष सरायचं आहे. कुंदनने साखरेच्या गाठी आणल्या, त्या तशाच पुडीत आहेत.

आज एक केलं, ते फक्त इथे लिहिते.

प्रियलचं सगळं मस्कतला झालं. अस्थी आम्ही बरोबर आणल्या आणि ऑक्टोबरात तापीत सोडल्या. कुंदनची धुळ्याची ताईबाई मावशी बरोबर होती. पण सगळ्या सोडल्या नव्हत्या. पाच लहान तुकडे मी तिच्या कानातल्यांच्या डबीत ठेवले होते. कुंदनला माहीत नाही. डबी कपाटात होती, आणि रोज रात्री मला वाटे की ती तिथे कोरडी पडली आहे.

शेवटी शेवटी तिला पाणी घोटभरही जात नव्हतं. सारखा कोरडा खोकला.

आज सकाळी जिवाणीचा डबा भरला, तेव्हा डबीतले तुकडे त्यात सोडले. नदी वाहून नेते. इथे कुणी कुणाला दुखवत नाही, रोज इतकं जपून पोहोचवतात. माझ्या मनात एवढंच होतं. डबा सरळ खाली सोडला, टेकल्यावर उपडा केला. आवाजसुद्धा झाला नाही. वर आले आणि पहिल्यांदाच दुपारी झोपले.

५ एप्रिल

सहा दिवस कापड अगदी स्वच्छ येतं आहे. एक किडा नाही. पाण्याला किंचित गोडी आली आहे. कुंदनने दोन वेळा विचारलं की मी यात वाळा टाकते का. मांजींना फोनवर सांगितलं, आता जीवच नाहीत. त्या म्हणाल्या, असं होत नाही बेटा. कापड नीट पाहा. तू चष्मा लावतेस ना? की माझाच मोतीबिंदू तुला लागला?

९ एप्रिल

कापडावर आज साय होती. दुसरा शब्द नाही. तापवलेल्या दुधावर येते तशी, तळहाताएवढी, सुरकुतलेली. पाणी ओतलं तरी सुटेना. बोटाने सोडवावी लागली. ती कोमट होती. विहिरीचं पाणी गार असतं.

बोटं साबणाने चार वेळा धुतली. तरी जेवताना डावा हात पदराखाली ठेवला.

१४ एप्रिल

आज केस. एक लांब, तपकिरी. आधी वाटलं माझा. पण माझे काळे आहेत आणि आता खांद्याच्या वर कापलेले. प्रियलचे उन्हात तपकिरी दिसत. औषधांनी सगळे गेले होते. उशीवरून मीच गोळा करायचे.

केस सायीत रुजलेला होता. ओढला तर साय ओढली जाऊन आखडली. कातडी चिमटल्यावर आखडते तशी.

डब्यात घातलं, परत सोडलं. काय करणार होते?

१७ एप्रिल

साय जाड झाली आहे. तिच्यावर बारीक लव आहे. एका कडेला नखं, चार, तांदळाच्या कण्यांएवढी, ओळीत नाहीत, कशीही. आणि वास. तो मी ओळखते. औषध, आंबलेलं दूध आणि लहान मुलाचा घाम. त्या खोलीत होता तो वास.

आणि मला किळस आली. हेच लिहायचं आहे. तेव्हा आली नाही, ती आज आली. ओकारी आली, दोनदा. कापड हातात असताना मी मान फिरवली.

हे जर ती असेल, तर मी तिच्याकडे पाहून मान फिरवली.

१८ एप्रिल

कुंदनला सगळं सांगितलं. डबी, अस्थी, सगळं. वाटलं ओरडेल. तो उठला. खाली गेला, बादली काढली, गाळली. बराच वेळ कापडाकडे पाहत राहिला. मग पाणी ओतायच्या ऐवजी त्याने ते उचलून तळहातावर घेतलं. अंगठ्याने लव एका बाजूला केली, भांग पाडतात तशी.

त्याने नाकाला रुमाल लावला नाही.

म्हणाला, उद्यापासून हे मी करतो. तुला त्रास होतो.

२३ एप्रिल

कुंदन आता जेवायच्या सुट्टीत घरी येतो, जेवत नाही, विहिरीवर बसतो. ऊन चव्वेचाळीसवर आहे. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. हात पांढरे पडले आहेत, फुगलेले, आणि त्यांना तो वास आहे. काल त्याने त्याच हाताने माझ्या पानात पोळी वाढली. मी ती खाल्ली नाही. तो म्हणाला, तेव्हा तू कशी करत होतीस सगळं, माझ्याने उभं राहवायचं नाही. आता मला जमतंय सारिका. बघ, मला जमतंय.

त्याला खूप आनंद झाला आहे. तो आनंद मला बघवत नाही.

मी चौकातून पाण्याचा जार आणवला. संध्याकाळी तो गच्चीवर रिकामा पडला होता. कुंदन म्हणाला, घरचं पाणी असताना विकतचं कशाला?

२८ एप्रिल

चहा घट्ट झाला. गाळणीत तंतू होते. त्याने माझ्यासमोर स्वतःचा कप संपवला, तळाचं बोटाने पुसून घेतलं.

माझ्या दातांत सकाळी केस अडकला होता. दोन बोटांनी ओढला. संपेचना. घशातून येत होता.

३ मे

धुळ्याहून ताईबाई मावशी आल्या. उन्हाळ्याच्या बिबड्या आणि नागलीचे पापड घेऊन. दारातूनच कुंदनला म्हणाल्या, काय रे, डाळ मिलमा डाळ खास का फक्त मोजस? हाडं दिसी ऱ्हायनात! त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं. घरात कितीतरी दिवसांनी माणसाचा आवाज आला होता.

कुंदनने तांब्या भरून दिला. त्यांनी घोट घेतला, आणि उठून मोरीत थुंकल्या. मला आत ओढून म्हणाल्या, हाई पानी पेऊ नको, माय. याले वास शे. मी त्यांना सगळं सांगितलं. अस्थी मागे ठेवल्या यावरून त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, तू चाल मनासंगे. दोघंबी चाला.

कुंदन नाही म्हणाला. तिला एकटी कशी टाकू, म्हणाला.

५ मे, धुळे

काल दुपारच्या बसने आले. एरंडोल, पारोळा, धुळे. खिडकीतून गरम वारा. मावशींचं घर लहान, स्वच्छ, शेणाने सारवलेलं अंगण. नळाचं पाणी प्यायले. त्याला फक्त पाण्याची चव होती.

पहाटेपासून पोटात कळा. सकाळी अंगणात उलटी झाली. पाणी, मग केसांचा गुंता, मुठीएवढा, सायीत गुंडाळलेला. तो जमिनीवर पडल्यावर आवळला आणि सुटला, परत आवळला. मावशी म्हणाल्या, माय वं, हाई काय शे? पण मागे सरल्या नाहीत. चिमट्याने उचलून चुलीत टाकला.

तो चिरचिरला. वास सुटला तेव्हा मला बरं वाटलं. अगदी खरं लिहिते, बरं वाटलं. आणि मग आठवलं की तिला जाळायची ही दुसरी वेळ.

मावशी म्हणाल्या, तुनी आंडेर, तुनी पोर, तापीमा गयी. हाई ती नई शे. जे जयी गयं ते गयं, मांगे पाहू नको.

६ मे, धुळे

मांजींना इंदूरला फोन केला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कालच झालं, पट्टी आहे, लेकीने फोन कानाला धरला. मी अस्थींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जिवाणी जिवंतांची असते, बेटा. मेलेल्याला तू रोज ‘परत जा, जग’ म्हणून सोडलंस. त्याने ऐकलं. त्याला दुसरं काय कळणार?

मी विचारलं, मी काय करू?

त्या म्हणाल्या, मार असं मी सांगणार नाही. आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. पण परत सोडू नकोस.

म्हटलं, परत सोडलं नाही तर ते वाळेल. मरेल.

त्या म्हणाल्या, हो. आणि रडायला लागल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी रडू नका, असं लेक मागून ओरडत होती.

८ मे, धुळे

कुंदनला रोज फोन करते. तो मिलमध्ये जात नाही. आज म्हणाला, तिला आता तोंड आहे. तू ये, बघून जा. फोनमधून मागे खोकला ऐकू आला. कोरडा. बारीक.

मावशी म्हणतात जाऊ नको. पण मी गेले नाही तर तो त्या विहिरीतच उतरून राहील. एक गेली. दुसऱ्याला माझ्या हातून जाऊ देणार नाही. उद्या निघते. त्याला घेऊन परत इथे येईन, बस.

९ मे

जळगाव. फाटक उघडंच होतं. जिन्यावर ओल. कुंदन घरात नव्हता. विहिरीच्या आतल्या लोखंडी पायऱ्यांवर, पाण्यात कमरेपर्यंत बसला होता. पाणी फार खाली गेलं आहे, हिरवं झालं आहे. त्याच्या छातीपाशी काहीतरी धरलेलं होतं. शर्टाची बटणं उघडी.

मी हाक मारली. त्याने वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. झोपली आहे, असं.

१० मे

त्याच्या छातीवर गोल वळ आहेत. आठ-दहा. कडेने सोललेलं. त्यातून पाणी येतं. मी औषध लावायला गेले. त्याने हात धरला. पांढरा, मऊ हात, दाबला तर खळगा तसाच राहिला.

धुळ्याला चल म्हटलं. पाया पडले.

तो म्हणाला, तुला तिची घाण वाटते. मी नाही म्हणू शकले नाही.

११ मे

पाहिलं. दुपारी, लख्ख उन्हात. दोन्ही हातांत मावेल एवढं. हाड नाही. सायीसारखं अंग, आत निळ्या शिरा. केस डोक्यावर नाहीत, पोटावर, पाठीवर, तोंडाच्या आत. नखं जागोजाग. डोळे नाहीत. तोंड आहे. ते उघडझाप करतं आणि आत दात नाहीत, अजून एक तोंड —

मी अंगणातच ओकले. त्यातही केस होते.

ही ती नाही. मावशी म्हणाल्या ते बरोबर. ती नऊ वर्षांची होती, तिला कारल्याची भाजी आवडायची, तिला चष्मा होता. ही ती नाही. शंभर वेळा लिहीन.

१२ मे, सकाळ

बाजारातून ब्लीचिंग पावडर आणली. पाच किलो. दुकानदाराने विचारलं, विहीर साफ करायची का, ताई? हो म्हटलं.

मिलमधून साहेबांनी बोलावणं धाडलं आहे, शेवटचं. कुंदनला मीच समजावून पाठवलं. म्हटलं, तू जाऊन ये, तोवर मी बघते तिला. त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, मला माहीत होतं. त्याच्या हातांचा वास अजून गालांना आहे.

साठ वर्षांत या विहिरीत मुद्दाम काही मारलेलं नाही.

साडेअकरा

टाकली. सगळी पाच किलो. डबा नाही, दोर नाही. वरून पिशवी उपडी केली.

पाणी फेसाळलं. डोळे झोंबले. खालून खोकला सुरू झाला. थांबेचना. मी कान झाकून वर आले. ही ती नाही.

बारा वाजून दहा

फाटक वाजलं. कुंदन. इतक्या लवकर का — गेलाच नव्हता का —

मागच्या खिडकीतून पाहिलं. तो धावत विहिरीकडे गेला, उतरला. ओरडला नाही. वर आला तेव्हा गाळायच्या कापडात ते होतं. कापडातून गळत होतं, पांढरं. कातडी कडेने सुटत होती. ते हलत होतं.

मी दार लावलं आहे. आतून कडी. वर खिटी.

सव्वाबारा

जिन्यावर आहे तो. एकेक पायरी.

दाराबाहेर बसला. दार वाजवत नाही. शांतपणे बोलतो आहे. रागावला नाही, म्हणतो. तुझी चूक नाही, म्हणतो. विहिरीचं पाणी आता तिला चालत नाही. नळाचं चालत नाही, लावून पाहिलं, पोळतं तिला. वाळते आहे. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत, मांजी सांगायच्या ना.

तो म्हणतो, विहीर तरी तिची कुठे होती. ती मुळात ज्या पाण्यातली आहे, तिथेच ठेवायला हवी. नऊ महिने तिथे राहिलीच होती की.

तो म्हणतो, तू फक्त दार उघड आणि आडवी हो. बाकी मी करतो. मला जमतं.

पोटात कळ —

बारा वीस

मावशींना फोन लागत नाही. खिडकीला गज आहेत. कडी भक्कम आहे. उघडणार नाही. उघडणार नाही. संध्याकाळपर्यंत ते वाळेल आणि मग कुंदनला घेऊन —

दाराखालून वास आत येतो. रुमाल लावला आहे नाकाला. मी लावला आहे. मी दाराशी —

खोकते आहे. कोरडा खोकला. मध्ये थांबते, धाप लागते, परत.

तसाच. अगदी तसाच. तीन बारीक, एक मोठा.

बारा पंचवीस

कुंदन बोलायचा थांबला. आता फक्त ती.

माझं तोंड सुकलं आहे. रुमाल कधी काढला ते आठवत नाही. वास आता —

किळस येत नाही. देवा, येऊ दे. किळस येऊ दे. ते तोंड आठवते, आतले केस आठवते, येत नाही —

कडी काढलेली नाही. मी फक्त दाराजवळ आले आहे. वही गुडघ्यावर आहे. वाटीत थोडं पाणी घेतलं आहे आणि चमचा, कारण ती फार खोकते आहे, आणि दाराखालच्या फटीतून चमचा जातो का ते फक्त बघते, घोटभर तरी तिला —

जात नाही. फट लहान आहे. थोडंसं, चमच्यापुरतंच, दार जरा —